देशाचा गल्ला मोजून देऊन निघालेला अर्थमंत्री: रोह्याच्या सी. डी. देशमुखांनी खुर्ची कशी सोडली?

दुकानातली नोकरी सोडायची असेल तर एक साधा रिवाज असतो. मालकाला आधी सांगायचं. नवा माणूस मिळेपर्यंत थांबायचं. शेवटच्या दिवशी गल्ला मोजून द्यायचा, माल तपासून द्यायचा, चावी हातात ठेवायची आणि मग निघायचं. अगदी मालकाशी वाजलं असलं तरी.

आता समजा दुकान म्हणजे अख्खा देश आहे, गल्ला म्हणजे देशाची तिजोरी आहे आणि ज्याच्याशी वाजलंय तो माणूस पंतप्रधान आहे. तर?

असं खरंच झालं होतं. साल होतं १९५६. पंतप्रधान होते जवाहरलाल नेहरू आणि गल्ल्यावर बसलेला माणूस होता आपल्या रोह्याचा. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी अर्थमंत्रीपदाचा राजीनामा दिला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण राजीनामा देऊ केला जानेवारीत आणि खुर्ची सोडली जुलैमध्ये, हे फारसं सांगितलं जात नाही. मधल्या सहा महिन्यांत त्यांनी काय केलं आणि खुर्ची सोडल्यावर पुढची पंचवीस वर्षं काय केलं, तीच खरी गोष्ट आहे.

कुंडलिकेच्या काठचा मुलगा

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. गाव महाडजवळचं नाते, रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते, आई भागीरथीबाई देवाधर्माच्या. लहानपण गेलं रोह्यात. रोहा म्हणजे कुंडलिका नदीच्या काठचं गाव. हीच नदी पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव आलं थेट १९८१ साली.

मुलगा हुशार म्हणजे किती हुशार? १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला. संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यालाच. मग १९१५ मध्ये इंग्लंड, केंब्रिजचं जीझस कॉलेज. तिथे विषय घेतले वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतीशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळवलं. पुढे आयुष्यभर देशाचा पैसा सांभाळणाऱ्या या माणसाची पदवी अर्थशास्त्राची नव्हतीच.

१९१८ साली लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा झाली. त्यातही पहिला नंबर.

नोकरी सुरू होण्याआधीच सोडायचा विचार

आयसीएस म्हणजे त्या काळची सर्वात मोठी सरकारी नोकरी. पगार, रुबाब, बंगला, सगळं काही. पण ती नोकरी इंग्रजांची. बावीस-तेवीस वर्षांच्या चिंतामणरावांच्या मनात तेच टोचत होतं. देश स्वातंत्र्यासाठी झगडत असताना आपण साहेबाची चाकरी करायची का?

योगायोग असा की लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. चिरोल खटल्यासाठी ते १९१८ च्या अखेरीस तिकडे गेले होते. चिंतामणराव त्यांना भेटले आणि मनातलं सांगितलं. नोकरीवर पाणी सोडून देशकार्यात पडू का, असा प्रश्न होता.

टिळक काय म्हणाले असतील? ज्या माणसाने इंग्रज सरकारला आयुष्यभर सळो की पळो करून सोडलं, तो लगेच सोड म्हणेल असं वाटतं. पण टिळकांनी उलटा सल्ला दिला. नोकरी कर, राज्यकारभार शिकून घे. उद्या स्वराज्य मिळेल तेव्हा कारभार जाणणारी आपली माणसं लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

चिंतामणरावांनी तो मानला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी वीसेक वर्षं नोकरी केली. जमीन महसूल, जिल्ह्याचा कारभार, सचिवालय, वित्त खातं, सगळं पाहिलं. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही काम केलं.

रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून, मग बोर्डाचे सचिव, मग डेप्युटी गव्हर्नर. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर पदावर असतानाच वारले. त्याच वर्षी ११ ऑगस्टला देशमुख गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय.

काळ कसा होता बघा. दुसरं महायुद्ध चालू, महागाई भडकलेली, बंगालात दुष्काळ. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला परिषद झाली, जिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. मग फाळणी आली. १९४७ नंतर काही महिने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती, आपली रिझर्व्ह बँक. भावाभावांची वाटणी झाली तरी दोघांचा हिशेब एकाच मुनीमजीकडे, असा प्रकार. ३० जून १९४८ ला ती जबाबदारी संपली.

१ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. तोवर ती भागधारकांची बँक होती. नवी व्यवस्था लागेपर्यंत देशमुख थांबले आणि ३० जून १९४९ ला बेनेगल रामा राव यांच्या हाती कारभार सोपवून बाहेर पडले.

एका मोठ्या खुर्चीवरून उठायची त्यांची ही पहिली वेळ. दुसरी वेळ इतकी सरळ नव्हती.

आधीचा अर्थमंत्रीही राजीनामा देऊनच गेला होता

१९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला आणि देशमुख त्याचे सदस्य झाले. तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई यांना हा आयोग पटत नव्हता. मंत्रिमंडळाच्या डोक्यावर आणखी एक मंत्रिमंडळ कशाला, अशी त्यांची तक्रार. ते बाहेर पडले आणि नेहरूंनी त्या जागी देशमुखांना आणलं.

अर्थमंत्री व्हायला खासदार असणं आलं. १९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक देशमुख काँग्रेसच्या तिकिटावर लढले. मतदारसंघ कुठला? कुलाबा. म्हणजे रोहा, अलिबाग, पेण, महाड, मुरूड हाच आपला मुलूख. ज्याने कधी सभा गाजवल्या नव्हत्या, तो सनदी अधिकारी घरच्या लोकांच्या मतांवर निवडून आला.

मग कामाचा सपाटा. पहिली पंचवार्षिक योजना, दरवर्षीचा अर्थसंकल्प, नवा कंपनी कायदा. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तीही त्यांच्याच काळात. घरच्या आयुष्यातही बदल झाला होता. पहिली इंग्रज पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारली. जानेवारी १९५३ मध्ये देशमुखांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. संविधान सभेत ठसा उमटवलेल्या आंध्रच्या या समाजसेविका तेव्हा नियोजन आयोगात होत्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुंबईचा प्रश्न आला.

मुंबई कोणाची?

भाषावार प्रांतरचनेसाठी नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरद ऋतूत आला. तेलुगू, कन्नड, मल्याळी माणसाला आपापलं राज्य देण्याची शिफारस होती. मराठी माणसाला मात्र गुजरातसोबतचं द्विभाषिक मुंबई राज्य, आणि विदर्भ वेगळा. त्यावर चर्चा झाल्या, तोडगे निघाले, मोडले. मुंबई शहराचं एक वेगळंच राज्य करावं, असाही प्रस्ताव पुढे आला.

कुलाब्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न नकाशावरच्या रेघांचा नव्हता. उरण, रेवस, मांडवा इथून खाडीपलीकडे मुंबई डोळ्यांना दिसते. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागली की इकडची माणसं उतरणार, इकडची मासळी आणि भाजी उतरणार. घरटी एक माणूस गिरणीत नाहीतर गोदीत. त्याच्या मनीऑर्डरीवर गावचं घर चालायचं. ती मुंबई आपल्या राज्यात नसणार, हे त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्च्यावर गोळीबार झाला. १५ माणसं गेली. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. शहर पेटलं. पुन्हा गोळीबार, पुन्हा मृत्यू. या आंदोलनातल्या हुतात्म्यांचा आकडा पुढे १०६ वर गेला.

आणि या सरकारच्या तिजोरीची चावी कुलाब्याच्या खासदाराकडे होती.

जानेवारीतलं पत्र आणि तीन दिवसांनंतरचं भाषण

देशमुखांनी जानेवारीतच नेहरूंकडे राजीनामा देऊ केला. आधी वर्तमानपत्राला बातमी, मग पंतप्रधानांना पत्र, असा उलटा प्रकार त्यांनी केला नाही. ज्याच्या हाताखाली काम करतोय त्याला पहिल्यांदा सांगितलं. नेहरूंनी थांबायला सांगितलं. तोडगा निघेल अशी आशा दोन्हीकडे अजून होती.

आता तारखा नीट बघा. नेहरूंचं मुंबईबद्दलचं भाषण १६ जानेवारीचं. १९ जानेवारीच्या रात्री रेडिओवर आणखी एक भाषण झालं, ते अर्थमंत्र्यांचं. देशातला आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकार ताब्यात घेत आहे, ही घोषणा त्यात होती.

हे प्रकरण साधं नव्हतं. आयुर्विमा करणाऱ्या देशी-परदेशी कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून आकडा २४५ होता. लाखो लोकांची पोटाला चिमटा काढून साठवलेली पुंजी त्यांच्याकडे होती आणि काही ठिकाणी त्या पैशांची अफरातफर चालू होती. आधी कुणकुण लागली असती तर पैसा इकडचा तिकडे झाला असता. म्हणून संसदेत चर्चा न करता आधी वटहुकूम काढला. तयारी गुपचूप, हुकूम एका रात्रीत.

त्या आठवड्यात अर्थमंत्री उठून गेले असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

मग फेब्रुवारीच्या अखेरीस अर्थसंकल्प मांडला. १ एप्रिलला दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचा कायदा संसदेत मंजूर झाला. आज घराघरात जिची पॉलिसी आहे ती एलआयसी १ सप्टेंबर १९५६ ला उभी राहिली. तोवर तिला जन्म देणारा अर्थमंत्री पदावर नव्हता.

मग जानेवारीतच का नाही सोडलं?

हा प्रश्न पडतोच. मुंबईत माणसं मरत असताना देशमुख दिल्लीत अर्थसंकल्प मांडत होते. गोळ्या झेललेल्या घरातल्या माणसाने त्यांना विचारलं असतं की एवढे दिवस कशाची वाट बघत होता, तर तो प्रश्न चुकीचा नव्हता.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर अर्थमंत्र्याची खुर्ची एका मतदारसंघाची नसते. अर्धवट अर्थसंकल्प आणि अर्धवट विमा कायदा टाकून जाणं म्हणजे ज्यांचा या भांडणाशी संबंध नाही अशा लाखो लोकांना भुर्दंड. आणि मंत्रिमंडळात राहून निर्णय बदलता येईल ही शक्यता जूनपर्यंत तरी संपलेली नव्हती. देशमुखांनी दोन्ही गोष्टींचं ओझं सहा महिने वागवलं. ते ओझं हलकं होतं असं कुणी म्हणू नये.

शेवटची काडी

जून १९५६ मध्ये काँग्रेसच्या महासमितीची बैठक मुंबईत झाली. तिथे नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई पाच वर्षं केंद्रशासित राहील, मग पुढचं पाहू.

देशमुखांना धक्का बसला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे निर्णय. दुसरी म्हणजे तो घेण्याची पद्धत. एवढी मोठी गोष्ट मंत्रिमंडळात रीतसर चर्चेला आलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारचा निर्णय पक्षाच्या मंचावरून जाहीर होतो आणि मंत्र्यांना तो बाहेरून कळतो, हे त्यांना मान्य नव्हतं.

इथे चाळीस वर्षांचा मुरलेला प्रशासक बोलत होता. माणूस नियमाने चालणारा. फाइल कुठून कुठे जाते, सही कोणाची लागते, जबाबदारी कोणाची ठरते, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. राजीनामा मंजूर झाला.

हिशेब कोणाला द्यायचा?

सुरुवातीला आपण म्हटलं की मालकाच्या जागी पंतप्रधान. पण लोकशाहीत ते खरं नाही. मंत्र्याचा मालक म्हणजे संसद, आणि संसदेच्या मागे मतदार. म्हणून देशमुखांनी शेवटचा हिशेब दिला तो लोकसभेत.

जुलै १९५६ च्या अखेरच्या आठवड्यात ते सभागृहात निवेदन करायला उभे राहिले. मुद्दे दोन होते. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून, घटनेच्या रीतीला सोडून घेतला गेला. आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, यातून महाराष्ट्राबद्दलचा आकस दिसतो.

समोर बसलेल्या पंतप्रधानांबद्दल, तेही नेहरूंबद्दल, १९५६ साली इतकं स्पष्ट कोणी बोलत नसे. नेहरूंनी उत्तर दिलं. मंत्रिमंडळाला अंधारात ठेवल्याचा आरोप त्यांना मान्य नव्हता, आणि सरकारच्या धोरणाबद्दल बोलण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद आजही घटनेच्या अभ्यासकांना सोडवता आलेला नाही. पंतप्रधान मोठे की मंत्रिमंडळ, हा प्रश्न दर काही वर्षांनी डोकं वर काढतोच.

महाराष्ट्रात देशमुखांच्या नावाचा जयजयकार झाला. पुढच्या काही आठवड्यांतच मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा बेत मागे पडला. त्याऐवजी मराठी-गुजराती असं विशाल द्विभाषिक राज्य करायचं ठरलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात आलं. मराठी माणसाचं समाधान त्याने झालं नाही. लढा चालू राहिला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. हे काही एका राजीनाम्याने झालं नाही. गिरणी कामगार, शेतकरी, शाहीर, पत्रकार, सगळ्यांची ती लढाई होती. पण केंद्राच्या मंत्रिमंडळातला एवढा मोठा माणूस या प्रश्नावर बाहेर पडतो, याने मराठी बाजूला बळ आलं हे नक्की.

जयजयकार गल्ल्यात टाकला नाही

इथे देशमुखांपुढे एक सोपा रस्ता होता. लोकप्रियता शिगेला पोचलेली, १९५७ ची निवडणूक तोंडावर, संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट. कुलाब्यातून पुन्हा उभे राहिले असते तर कोण आडवं आलं असतं?

ते उभे राहिले नाहीत. पक्ष काढला नाही. नेहरूंवर रोज एक आरोप करत गावोगाव फिरले नाहीत. जे सांगायचं ते एकदा, योग्य जागी सांगून झालं होतं.

त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाला, म्हणजे यूजीसीला, कायद्याचा दर्जा मिळाला आणि अध्यक्ष झाले सी. डी. देशमुख. ज्या सरकारशी वाद घालून ते निघाले, त्याच सरकारच्या काळात. वाद मुंबईच्या निर्णयाचा होता. तो बाजूला ठेवून दुसरं काम करता येतं, हे नेहरूंनाही कळत होतं आणि देशमुखांनाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात ते १९६१ पर्यंत यूजीसीत राहिले. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा करणं, प्राध्यापकांचे पगार सुधारणं, ग्रंथालयं आणि प्रयोगशाळांना पैसा देणं, ही तेव्हाची कामं. १९५९ मध्ये सरकारी सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. दिल्लीतल्या लोधी गार्डनशेजारचं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत तेच प्रमुख. हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचीही धुरा त्यांनी वाहिली.

१९६२ ला ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी तिथे पोस्टाने शिक्षण देणारा विभाग सुरू झाला. दिवसा दुकानात, कचेरीत राबणाऱ्या पोरापोरींना नोकरी न सोडता पदवी घेण्याची वाट त्यातून मिळाली. १९६७ पर्यंत ते या पदावर होते.

त्याच खुर्च्यांवर पुढे काय झालं?

तुलनेसाठी आणखी दोन राजीनामे बघण्यासारखे आहेत.

देशमुखांनी रिझर्व्ह बँकेचा कारभार ज्यांच्या हाती दिला, त्या बेनेगल रामा रावांनी १९५७ च्या जानेवारीत राजीनामा दिला. कारण नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी न पटणं. आणि वर्षभरात, १९५८ च्या फेब्रुवारीत, खुद्द कृष्णम्माचारींना जावं लागलं. हरिदास मुंदडा नावाच्या व्यावसायिकाच्या कंपन्यांमध्ये एलआयसीचे पैसे गुंतवल्याचं प्रकरण त्यांच्यावर शेकलं. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याची उघड चौकशी केली होती.

म्हणजे आठ वर्षांत तीन अर्थमंत्री राजीनामा देऊन गेले. मथाई नियोजन आयोगावरून, कृष्णम्माचारी घोटाळ्यावरून, आणि मध्ये देशमुख, खात्याच्या कारभाराशी संबंध नसलेल्या एका तत्त्वावरून. त्यांना कोणी काढलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं. तरी ते गेले.

एकदा परत फिरून

राजकारणाकडे त्यांनी कधीच वळून पाहिलं नाही असं मात्र नाही. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली, तेव्हा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते उमेदवार होते. ही तीच गाजलेली निवडणूक, जिच्यात काँग्रेस फुटायला लागली आणि व्ही. व्ही. गिरी यांनी संजीव रेड्डींना हरवलं. देशमुख तिसरे आले. त्र्याहत्तराव्या वर्षी हरले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

कामं तर ढीगभर होती. संस्कृतची गोडी लहानपणापासूनची. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला होता, गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत बांधले होते. १९७४ मध्ये इंग्रजी आत्मचरित्र आलं. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. केंब्रिजमध्ये शिकलेलं वनस्पतीशास्त्र बागेत उपयोगी पडत होतंच. ऐंशी ओलांडल्यावर ते अमरकोशावर काम करत होते.

मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादला चिंतामणराव गेले. वय ८६.

रोह्यात आज त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुलं पनवेलच्या मॉलमध्ये, अलिबागच्या शोरूममध्ये, मुंबईच्या काउंटरवर पहिली नोकरी धरतात. त्यातली बरीच जण ती कधी ना कधी सोडणार. मालकाचं पटणार नाही, नाहीतर दुसरीकडे बरं मिळेल, नाहीतर पुढे शिकायचं असेल. नोकरी सोडणं काही पाप नाही, देशाचा अर्थमंत्रीही सोडतो.

फक्त निघायच्या आधी ज्याला सांगायचं त्याला सांगावं. हातातलं काम पुरं करावं. खटकलेलं असेल तर योग्य जागी, एकदाच, तोंडावर बोलावं. गल्ला मोजून द्यावा. आणि दुसऱ्या दिवशी नव्या कामावर जावं.